हिरामावशीच्या खोलीत आधी आम्ही, आता फरिदा

आम्ही वाडी सोडली त्या सकाळी आईनं दाराला कडी घातली. दारच तेवढं उरलं होतं. मागची भिंत, गोठा, चुलीची खोली सगळं दरडीखाली गेलेलं, आणि पुढचं दार मात्र चौकटीसकट उभं. आबा टेम्पोतून ओरडले, "अगं, कुणासाठी लावतीस?" आई म्हणाली, "उघडं टाकून जायची रीत हाय का आपली?" आणि पदरानं हात पुसत येऊन बसली.

तुम्ही जे मागं राहिलात, खालच्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये, आणि तुम्ही जे आमच्यासारखेच ऐरोलीत, कामोठ्यात, पुण्याला पांगलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. मला पत्रकं लिहायची सवय आहे, त्यामुळे आवाज चढला तर सांभाळून घ्या. आभार मानायलाच बसलेय खरं तर. पण आभार मानता मानता राग येतो, त्याला माझा इलाज नाही.

शाळेच्या फरशीवर आपण सगळे झोपत होतो ते दिवस आठवतात? एके दिवशी पेपर आला. ठळक अक्षरात होतं, 'दरडग्रस्तांचे पुनर्वसन पूर्ण. ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले.' चंदरआप्पांनी पेपर डोळ्याजवळ धरून वाचला आणि वर बघून विचारलं, "कोण रं ह्यो समाधान व्यक्त करणारा? मला दाखवा तरी." सगळे हसले. मी चौदा वर्षांची होते, मीही हसले. पुढं महिनाभर कोणी अधिकारी फिरकला नाही, कारण पेपरात तर आपलं पुनर्वसन झालेलं होतं! छापील खोट्यानं माणसाचं काय होतं ते मला तेव्हा कळलं. मी आज जे काही करते, त्याची सुरुवात त्या फरशीवरची.

आबांचा चुलतभाऊ वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होता. त्यानं आबांना कामावर चिकटवलं आणि सारसोळ्यात एक खोली बघून दिली. सारसोळे म्हणजे नेरूळच्या टॉवरांच्या पोटात राहिलेलं जुनं कोळ्यांचं गाव. एका बाजूला सोसायट्या, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये अरुंद गल्ल्या आणि वाळत घातलेली जाळी. खोली हिरामावशीची. तिचा नवरा खाडीत मासेमारी करायचा, ती बाजारात विकायची. तिनं आमच्याकडं डिपॉझिट मागितलं नाही. आईकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "आदी जेवा. बाकी नंतर बगू."

आणि तिथंच घोळ झाला.

नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ वाहिल्यावर होड्या बाहेर पडतात, आणि पहिलं म्हावरं आलं की मावशीच्या गल्लीत प्रत्येक घरी वाटा जातो. म्हावरं म्हणजे मासे. घर कोळ्याचं असो, भाडेकरूचं असो, नवं असो की जुनं. आमच्याकडंही टोप भरून कोळंबी आली. आई माळकरी! आपल्याकडं वानवळा परत पाठवणं म्हणजे थोबाडीत मारणं, आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडायचं नाही हेही ठरलेलं. आईनं कोळंबी गुपचूप मागच्या बोळातल्या मांजरांना घातली, टोप घासला आणि त्यात शेंगदाण्याची चटणी भरून पाठवला. मावशीला वाटलं, घाटावरच्यांना कोळंबी भारी आवडलेली दिसते. मग बोय आले, निवटे आले, चिंबोऱ्या आल्या. आम्ही चटणी पाठवत राहिलो. मांजरं अशी फुगली की त्यांना कठड्यावर उडी मारता येईना, तेव्हा भांडं फुटलं.

मावशी दारात कमरेवर हात ठेवून उभी. "अगो बाय, माजा घोव चिखलात उतरतो तो काय बोक्यासाटी?"

आईचा चेहरा पांढरा पडला. तिनं गळ्यातली माळ पुढं काढून दाखवली. मावशीनं माळेकडं बघितलं, मांजराकडं बघितलं आणि भिंतीला टेकून इतकी हसली की तिची सून धावत बाहेर आली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या वाट्याला तांदळाच्या भाकऱ्या आणि लाल माठाची भाजी यायला लागली. वाटा चुकला नाही. आईला कोणी बदलायला सांगितलं नाही, आणि मावशीही बदलली नाही.

पुढं आबांचं बरं बसलं. आम्ही सीवूड्सजवळ दीड खोलीचं घर भाड्यानं घेतलं. मी कॉलेजात गेले, चळवळीत पडले, झोपडीतोडीविरुद्ध, पाण्यासाठी पत्रकं लिहायला शिकले. आणि रिकाम्या झालेल्या त्या खोलीत फरिदा राहायला आली.

फरिदा काबूलची. नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन करायला दोन मुलांना घेऊन नवी मुंबईत आली होती. ऑपरेशन झालं, आणि तो उठून बसतोय तोवर तिकडं सत्ता पालटली. फरिदा मुलींच्या शाळेत शिकवायची. ती शाळाच आता नाही. परतायचं कुठं? आपल्या तरी दाराची चौकट उभी होती. मावशीनं रीतसर पोलिसांत भाडेकरूची नोंद केली, आईकडं बघितलं होतं तसंच वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

यंदा नारळी पौर्णिमेनंतर गल्लीतल्या बायका वाटे घेऊन फरिदाच्या दारी गेल्या. कोणी टोप, कोणी डबा, आणि एकीच्या हातात प्लास्टिकची बादली. त्या बादलीवर एका पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. हळदीकुंकवात वाण म्हणून वाटलेली बादली. तुमच्या शेडमध्येही असेल एखादी, फोटो दुसऱ्याचा असेल एवढंच. पालिकेच्या निवडणुकीची हवा सुरू होती. मोबाइलवर बातम्यांचा चॅनेल चालवणाऱ्या एका पोरानं लांबून व्हिडिओ काढला आणि वर टाकला, 'सारसोळ्यात परदेशी घुसखोरांना पुढाऱ्याची रसद! मतांसाठी गावाचा सौदा?' खाली लाल बाण, बाणाखाली बादली.

संध्याकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला. पहिल्यांदा पुढं ढकलला तो मावशीच्या पुतण्यानं, हरेशदादानं. हरेशदादा दुसऱ्या पक्षाचं काम करतो आणि त्या बादलीवरच्या पुढाऱ्याला सकाळ-संध्याकाळ शिव्या देतो. ठरलं असं, की रविवारी गावदेवीच्या मंडपात बैठक, आणि फरिदानं खोली सोडायची की नाही ते तिथं ठरणार. फरिदाला मी विचारलं, तू काही बोलशील का? ती म्हणाली, "हम मेहमान हैं, बहन. मेहमान ज़्यादा नहीं बोलता." आणि सामान बांधायला लागली. ऑपरेशन झालेला माणूस, दोन पोरं, आणि ही बाई चादरीच्या गाठी मारतेय.

मी त्या चॅनेलवाल्याला शोधून काढलं. विचारलं, "अरे, गल्लीत शिरून एका बाईला तरी विचारायचंस, बादलीत काय आहे?" तो म्हणाला, "ताई, टायमच नव्हता. दुसऱ्यानं टाकला असता." एवढंच. त्यात कट नव्हता, पैसाही नव्हता. गल्लीत शिरायचा कंटाळा, त्यापायी एका घराचं छप्पर जाणार.

मग मी पेटून पत्रक लिहिलं. 'खोटारड्या पत्रकारितेचा धिक्कार असो! संपूर्ण सारसोळे फरिदाच्या पाठीशी!' ते घेऊन मावशीकडं गेले. सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशी कोळंबी सोलत होती, तिनं मान वर केली नाही.

"सगला सारसोला पाठीशी? मंग आमचा हरेश काय पनवेलला रवतो?"

"मावशी, पत्रकात असंच लिहितात. जोर यायला."

"त्या पोरानी पन जोर यायलाच लिवला. हरेश वाचील आन बोलंल, ही पन खोटी. मंग बादलीचा खरा सांगशील, तो कोन ऐकंल?"

मी भांडले. म्हटलं, समोरचा खोटं बोलतोय, बाईचं घर जातंय, आणि मी शब्द मोजत बसू? ती म्हणाली, "बसू नको. जा, हरेशला इचार, तो फरिदाला नाय का बोलतो."

गेले. हरेशदादानं मला खुर्ची दिली आणि चांगलं सुनावलं. "तुला मायती हाय ना, ही सिटी कोनाच्या जमिनीवर हाय? आमची मिठागरा गेली, शेती गेली, खाडी भरून टावर झालं. आमच्याच घरांना अजून कागद नाय. नोटीस आमाला येते. आमी आमच्याच गावात निर्वासित हाव, रंजू. आदी आमचा बगा, मंग बाहेरच्यांचा." यातला एकही शब्द खोटा नव्हता. मला वाईट वाटलं ते याचं, की इतकं खरं असलेल्या माणसाला एका खोट्या बाणाची गरज पडली.

रात्रभर बसून वगैरे नाही, तिथंच मावशीच्या पायरीवर पत्रक पुन्हा लिहिलं. बादलीत काय होतं ते लिहिलं. वाटा कोणाकोणाला जातो ते लिहिलं. हरेशदादाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत घातलं, त्याला वाचून दाखवून. मग माझं म्हणणं: हरेशचं घर पक्कं व्हायला फरिदाचं मोडावं लागत नाही. दोघांनाही कागद नाकारणारं ऑफिस वेगळं आहे, मोर्चा तिकडं न्या. आमच्या ग्रुपमधले म्हणाले, "हे पत्रक आहे का निबंध?" म्हटलं, असू दे.

बैठकीला मंडप भरला. मी बोलायला उभी राहिले तर मागून कोणी तरी ओरडलं, "ही कोन? ही पन बाहेरचीच!" खरं सांगते, त्या क्षणी मला वाडीचं दार दिसलं. तेवढ्यात हरेशदादाच उठला. "बसव तिला खाली नंतर, आदी बोलू दे. गावातली हाय ती. मना तिच्याशी भांडायचा हाय."

मग मोबाइलवरचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. बादलीशी आला, आणि पुढच्या ओळीतून हरेशदादाची आई म्हणाली, "अरे, ही तर माजी बादली! कडी तुटलेली, बग, मीच तार बांदलीय." मंडपात जो हशा उठला तो थांबेना. हरेशदादा म्हणाला, "आये, त्याची बादली आपल्या घरात?" ती म्हणाली, "फुकट दिली ती घेतली. मत कुटं दिला त्याला? तू बाथरूमात रोज त्याच बादलीनी आंगोल करतंस, तवा नाय दिसला फोटो?"

फरिदा राहिली. एकमतानं नाही, हेही सांगते, नाहीतर मावशी मला सोडणार नाही. काही जण उठून गेले. दोन घरं अजून तिच्याशी बोलत नाहीत. हरेशदादानं घरांच्या कागदांसाठी मोर्चा काढायचं कबूल करून घेतलं आणि मी त्याचं पत्रक लिहून दिलं. चॅनेलवाल्यानं व्हिडिओ काढून टाकला, पण चुकलो असं कुठं म्हटलं नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या डोक्यात तो बाण अजून आहे. खोटं जेवढ्या मोठ्या अक्षरात छापलं तेवढ्याच मोठ्या अक्षरात खरं छापायला हवं, एवढी साधी मागणी आहे माझी.

आणि दुसरी मागणी. आपण आता श्रीमंत देश म्हणवतो. पुलांवर, विमानतळावर, भाषणात सारखं ऐकतो. छान आहे. मग श्रीमंताच्या घरात दारी आलेल्यासाठी काही नियम असतो की नसतो? आपल्याकडं निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. फरिदा इथं आहे ती कोणाच्या तरी मर्जीवर. या वेळी मर्जी हिरामावशीची होती, म्हणून निभावलं. पण हिरामावशी प्रत्येक गल्लीत नसते, म्हणून तर कायदा लागतो. देशानं आपलं कर्तव्य एका मासे विकणाऱ्या बाईवर टाकून मोकळं होणं मला शरमेचं वाटतं. आणि त्या बाईनं ते न बोलता उचललं, आमच्यासाठी एकदा आणि फरिदासाठी पुन्हा, याचे आभार कोणत्या तोंडानं मानायचे ते अजून कळत नाही.

तुम्ही फोनवर विचारता, "तिकडं घर झालं का गं?" आई सांगते, "भाड्याचं हाय." मी काय सांगू याचा विचार करत होते. आता सांगते. घर तिथं, जिथं लोक आपल्याबद्दल बैठक भरवत नाहीत, सरळ आपल्याशी भांडतात.

परवा हिरामावशी तणतणत आमच्याकडं आली. पाण्याची वेळ कोणाची यावरून फरिदानं तिच्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं. मोडक्या मराठीत, हात नाचवून, सगळ्या गल्लीसमोर. "मना बोल्ली, मावशी, तुजा नंबर नाय, माजा नंबर हाय! काल आलेली बाई!" मावशी रागानं लाल झाली होती. आईनं तिला पाणी दिलं, मी तिची समजूत घालायचं नाटक केलं. मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी आत जाऊन चहा टाकला.