विहिरीवरचा डबा

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी माझे यजमान वारले. जळगावात, घरी. ते चहा पीत होते. मी वर्तमानपत्र वाचत होते. मुलगी धुळ्याहून आली, मग त्यांना नेलं.

तेराव्याला क्लबचे सगळे जण जेवायला आले. हा क्लब शिडाच्या होड्यांचा. यजमान शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या काही मित्रांनी धरणावर तो सुरू केला. नातेवाईक हसले होते. नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे लोक शिडं उभारणार! पण क्लब चालला. गणपती उठले की नावा पाण्यात उतरायच्या आणि उन्हाळा लागला की काठावर ओढून पालथ्या घालायच्या. सभासदांची मुलं तिथं शिकली, मग इतरांची यायला लागली.

धरणाच्या पोटात एक जुनं शिवार आहे. बाभळीचे बुंधे, बांध आणि मोटेची एक विहीर. मोट ओढायला बांधलेला दगडी ओटा अजून शाबूत आहे, चांगला माणसापेक्षा उंच. धरण भरलेलं असतं तेव्हा नाव त्याच्यावरून सहज जाते. रब्बीसाठी कालव्याला पाणी सोडलं की ओटा पाण्याखाली हातभर राहतो, आणि वरून काही दिसत नाही. म्हणून दर वैशाखात, सगळं उघडं पडलं की, यजमान पायी खाली उतरायचे. ओट्याला नवा दोर बांधायचे आणि दोराच्या टोकाला तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा. पाणी चढेल तसा डबा वर येई आणि विहिरीवर तरंगत राही. प्रत्येक धोक्यासाठी डबा ठरलेला, दोर मापलेला, डब्यावर ऑइलपेंटनं लिहिलेलं: विहीर, बाभूळ, बांध. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं. मला त्यांचं हे काम पुस्तकांना क्रमांक घालण्यासारखं वाटायचं. कंटाळवाणं, आणि कोणीतरी केलंच पाहिजे असं.

क्लबची उन्हाळी बैठक आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी होते. यंदा मला मुद्दाम बोलावलं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, यजमानांचे जुने मित्र. भिंतीवर यजमानांचा फोटो होता आणि त्याला हार. जेटीचा रंग, शिडांची धुलाई, नवे टी-शर्ट असे विषय झाले. मग सरांच्या नावानं स्मृती चषक ठेवायचं ठरलं. चषकावर पृथ्वीचा गोल असावा की शीड, यावर बराच वेळ गेला. मला विचारलं. मी म्हटलं, "काहीही ठेवा. पण विहिरीची खूण कोण बांधणार?"

"वहिनी, ते तेलाचे डबे आता पुरे हो," डॉक्टर म्हणाले. "पाहुणे विचारतात, हा शेंगदाण्याचा का सोयाबीनचा?"

सगळे हसले. फोटोखाली बसून हसले.

"डबा नको तर दुसरं काही बांधा," मी म्हटलं. "पण आत्ता बांधा भाऊ. पाणी चढल्यावर विहीर कोणाला दिसणार?"

"मुंबईहून तरंगते बोये मागवतोय. भगव्या रंगाचे, अस्सल. मोटरबोटीतून जाऊन टाकू."

"कुठं टाकणार?"

"मोबाईलमध्ये लोकेशन घेऊन ठेवू ना!" सचिव म्हणाले. "तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? आखाजी तर होऊ द्या."

आखाजी झाली. यजमानांच्या नावानं पहिली घागर भरली. वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, आंबा ठेवला, पितरांसाठी निखाऱ्यावर घास घालून आगारी टाकली. मुलगी रडली. मी सचिवांना फोन केला. लग्नसराई संपू द्या, म्हणाले. लग्नसराई संपल्यावर केला तेव्हा ते सहकुटुंब सिमल्याला होते. क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज अपडेट येत होते. जेटी रंगवली, त्याचा फोटो. शिडं वाळत घातली, त्याचा फोटो. प्रत्येक फोटोखाली टाळ्या.

शेवटी मी गच्चीवरच्या खोलीतून यजमानांनी यंदासाठी तयार ठेवलेला 'विहीर' लिहिलेला डबा आणि त्याचा दोर काढला आणि रिक्षा करून धरणावर गेले. पाणी मागं हटलं की त्या गाळात डांगरं लावणारे एक आबा आहेत. त्यांनी मला लांबूनच ओळखलं.

"अक्का, औंदा सर उनात नही का?"

सर यंदा का आले नाहीत ते मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, "अन् ते बठ्ठा क्लबवाला?"

"ते सगळे जेटी रंगवताहेत."

आबा माझ्याबरोबर विहिरीपर्यंत आले. ओट्याला दोराचे वेढे घालताना त्यांनी दुसरं टोक धरलं. गाठ मीच मारली. यजमानांनी ती मला एकदा नाडीवर शिकवली होती.

नदीला पाणी आलं ते नाशिककडच्या पावसाचं. इकडे आभाळ कोरडंच होतं. धरण चढत गेलं आणि डबाही चढला. मी दोनदा जाऊन पाहून आले. तो बरोबर जागेवर होता.

गणपतीनंतर हंगामाचं उद्घाटन झालं. पुढाऱ्यांच्या खुर्च्या, मांडव, चषक. गोलच ठेवला होता, त्यावर यजमानांचं नाव. मी पाण्याकडे पाहिलं. डबा नव्हता. जेटीसमोर भगवे बोये एका ओळीत लावले होते, लग्नातल्या पताकांसारखे.

"दोर कापला वहिनी," डॉक्टर म्हणाले. "ड्रोननं शूटिंग आहे. तो डबा फार वाईट दिसत होता."

"मग तिथं तुमचा बोया टाका."

"टाकू की. जागा तेवढी नेमकी..."

"आबांच्या झोपडीच्या नाकासमोर. मी काठावर उभी राहून दाखवते, तुम्ही आत्ता नाव घेऊन चला."

"आज नको, वहिनी. आज सरांचा दिवस आहे."

मी दोन्ही हातांनी चषक उचलून त्यांच्या हातात दिला आणि घरी आले. पुढच्या रविवारी मोटरबोट नादुरुस्त होती. त्याच्या पुढच्या रविवारी सचिव नव्हते.

कालव्याचं पहिलं पाणी सुटल्यानंतर एक नाव ओट्यावर घासली. खालचं पातं मोडलं, नाव कलंडली, दोन मुली पाण्यात पडल्या. लाइफ जॅकेट होती, बाहेर काढल्या. ग्रुपवर लिहिलं होतं: किरकोळ प्रकार, मुली सुखरूप, बचाव पथकाचं हार्दिक अभिनंदन. खाली टाळ्या होत्या.

आता मी रविवारी धरणावर जाते आणि आबांच्या झोपडीसमोर काठावर बसते. एखादी नाव त्या बाजूला वळली की उठून हात हलवते, लांब जा म्हणून. नावेतली मुलं मला ओळखतात. तीही हसून हात हलवतात. काही वळतात, काही वळत नाहीत.

विहिरीवर अजून खूण नाही.