तिसऱ्या हाकेची वाट

मी शाळेत विज्ञान शिकवतो. भूत, चकवा, उतारा यांच्यावर दरवर्षी एक तास हमखास घेतो आणि पोरांना चांगलं फैलावर घेतो. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच राग येतोय, पण लिहितो.

भाताची झोडणी उरकली होती. आम्ही तिघं जुने वर्गमित्र रविवारी सकाळी आसनगावला भेटलो, धसईला चहा-वडापाव खाल्ला आणि सिद्धगडाच्या बाजूला एका डोंगराखाली बाईक लावल्या. वर कपारीत एक भुयार आहे. आत जायचं, शेवटची खोली बघायची आणि दुपारी परत, एवढाच बेत. वाट दाखवायला पायथ्याच्या वाडीतले एक शेतकरी काका आले होते.

भुयाराच्या तोंडाशी काका थांबले. "आमी नाय येत आत," ते म्हणाले. "आत हाक मारायची तं तीनदा मारा. पयल्या दोन हाकांना ओ देऊ नका."

"का हो?" मी विचारलं.

"तिसरी हाक माणूसच मारतो." त्यांनी विडी पेटवली आणि खडकावर बसले.

तिघांतला एक माझा जिवाभावाचा दोस्त. रोज कल्याणला कामाला जातो, आणि मी नोकरीला लागलो तेव्हापासून मला मास्तर म्हणतो. तो खो खो हसला. "ए मास्तर, हे तुझ्या पुस्तकात हाय का रे?" मला चेव आला. मी काकांसमोरच प्रतिध्वनी म्हणजे काय यावर छोटंसं भाषण ठोकलं. काकांनी विडीची राख झटकली.

आधी वाकून चालता येत होतं. मग रांगणं आलं, तळहाताखाली वटवाघळांच्या लेंड्या, आणि नाकात तो उग्र वास. तिसऱ्याचा गुडघा दुखतो, तो तिथूनच मागे फिरला. आम्ही दोघं उरलो. शेवटी एक वळण आलं, इतकं अरुंद की दोन्ही हात पुढे टाकून, श्वास सोडून पोटावर सरकावं लागलं. मी काटकुळा, म्हणून आधी गेलो. पलीकडे उभं राहता येईल अशी खोली होती. मी पार समोरच्या भिंतीपर्यंत गेलो आणि अंधार कसा असतो ते बघायला बॅटरी विझवली.

हवा कोमट होती आणि हलत नव्हती. डोळे उघडे की मिटलेले, ते कळेना.

"मास्तर."

आवाज दोस्ताचा होता. पण तो वळणाकडून आला नाही. मी ज्या भिंतीला पाठ लावून उभा होतो, तिच्यातून आला.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. प्रतिध्वनी, मी मनात म्हटलं. तासाभरापूर्वी मीच तर समजावला होता. तरीही माझं तोंड उघडलं नाही.

"मास्तर." या वेळी बारीक, अगदी कानापाशी.

मी तिसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिलो. खरंच बघत होतो. मनात मोजत होतो आणि ओठ घट्ट मिटले होते. तिसरी हाक आलीच नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग वळणाकडून बूट दगडावर घासल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. तेव्हा कुठे मी बॅटरी लावून धावलो.

भोकातून फक्त त्याचे दोन हात आणि डोकं बाहेर दिसत होतं. मागे सरायच्या नादात जॅकेट छातीपाशी गोळा होऊन तो पाचरीसारखा अडकला होता. ओठ निळे पडले होते. "श्वास सोड, सगळा सोड," मी ओरडलो आणि हात धरून ओढलं. तिसऱ्या हिसक्याला तो सुटला. परतताना जॅकेट काढून ठेवलं, तेव्हा कसाबसा निघाला.

बाहेर ऊन होतं. काका आणि तिसरा मित्र शेंगा खात बसले होते. त्यांना आतलं काहीच ऐकू आलं नव्हतं. दोस्ताने पाण्याची बाटली तोंडाला लावली. पाणी पिऊन झाल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दोनच हाका मारता आल्या रे. तिसरीला छातीत हवाच नव्हती."

मी मान खाली घातली. कबूल करायचं ठरवून तोंड उघडलं.

"पण तू दुसरीलाच ओ दिलीस," तो म्हणाला. "काकांचा नियम मोडून. तुझी ओ ऐकली नि जिवात जीव आला, नायतर घाबरूनच मेलो असतो."

"दिली ना," मी म्हणालो.

आता तो हे सगळ्यांना सांगतो. त्याची बायको मला ताटावरून उठू देत नाही; भावजी, तुम्ही होता म्हणून, असं दर वेळी म्हणते. मी मान डोलावतो आणि जेवतो. अंधश्रद्धेचा तास या वर्षी मी अजून घेतलेला नाही. दोस्ताला तिथे कोणी ओ दिली, मला माहीत नाही. मी मात्र गप्प होतो.