अर्धा घंटा थांबा

"अर्धा घंटा थांबा."

काका हे कशालाही म्हणायचे. दोन कुत्री एकमेकांवर गुरगुरायला लागली, मी फोनवर कुणाला तरी झापून पुन्हा झापायला फोन उचलला, नवं औषध देऊन मी लगेच गुण शोधायला लागले, की शेडच्या कोपऱ्यातून हेच ऐकू यायचं. आवाज अगदी हळू. डावा कान कामातून गेलेला माणूस खरं तर मोठ्यानं बोलतो. काकांचं उलटं होतं. उजवा कान पुढे करून ते असे बोलायचे, जणू शेजारी कुणी झोपलंय.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, ज्याच्या संथपणाचा आधी राग येतो आणि पुढे त्या रागाचीच लाज वाटते. माझ्या बाबतीत मधला काळ दीड वर्षाचा होता.

वणीबाहेर, बंद पडलेल्या एका कापूस जिनिंगच्या आवारात आम्ही तिघंचौघं मिळून जखमी आणि टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी निवारा चालवत होतो. माझं गावात औषधांचं दुकान आहे, त्यामुळे मलमपट्टी आणि आरडाओरडा ही दोन्ही खाती माझ्याकडे. काका कोळसा खाणीतून निवृत्त झाले आणि पुढच्याच आठवड्यात फाटकात येऊन उभे राहिले. "काही काम हाय का?" मी म्हटलं, "झाडू आहे." महिनाभर त्यांनी झाडूच मारला.

खाणीत ते बारूद भरायचे. म्हणजे दगडात होल मारायचे, त्यात बारूद भरायची, सायरन वाजवून सगळ्यांना लांब करायचं आणि उडवायचं. एखादं होल फुटलं नाही तर त्याच्याजवळ लगेच कुणी जायचं नाही, अर्धा तास थांबायचं, हा त्यांच्या वेळचा नियम. एकदा त्यांचा जोडीदार दहाव्या मिनिटाला पाहायला गेला. त्याचं पुढे काय झालं ते काकांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना हातातली ताटली तीनदा पुसली. तेव्हापासून मी त्या वाक्याची नक्कल करणं सोडलं.

भुरी आमच्याकडे आली ती एका सिमेंटच्या पाइपातून. खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्याजवळ कित्येक दिवस ती त्यात अडकल्यासारखी बसून होती. अंगानं मध्यम, रंग भुरका, एक कान फाटलेला. दुपारी दोनच्या सुमारास खाणीचा सायरन वाजला की ती पाण्याच्या टाकीखाली घुसायची, जमीन हादरली की जागच्या जागी मुतायची आणि मग स्वतःचाच पुढचा पाय चावत राहायची. पायाला कायम जखम. मी पट्टी बांधायची, दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती पट्टी फाडून मोकळी.

काका रोज दोनला दहा कमी असताना टाकीपाशी जाऊन तिच्याकडे पाठ करून बसायचे. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. "आयुष्यभर म्याच उडवलं ना," एकदा म्हणाले, "आता जरा बसतो हिच्यासंगं." सातव्या महिन्यात तिनं त्यांच्या पाठीला नाक लावलं. मी दारातून ओरडले, "काका, पाहा!" ती पुन्हा टाकीखाली. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेवढं पुरलं मला.

मग आवार विकलं गेलं. डिसेंबरअखेर जागा रिकामी करून द्या, असा निरोप आला. आम्ही जीव तोडून घरं शोधली. एकेक करून सगळी कुत्री गेली आणि उरली ती भुरी. मी दुकानाच्या वर राहते, खाली भर बाजार, वराती आणि डीजे. काकांचं घर तर खाणीच्या इतकं जवळ की दोन वाजता फळीवरची भांडी वाजायची. तिथे नेणं म्हणजे तिला परत पाइपात नेऊन ठेवण्यासारखं होतं. घर मिळालं नाही तर फाटक उघडून तिला सोडावं लागणार होतं, आणि फाटकासमोरून दिवसरात्र कोळशाचे ट्रक जायचे. सायरन वाजल्यावर ती कुणीकडे पळेल, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं.

घर पाहायला येणाऱ्याला काका बादली उपडी घालून द्यायचे. "बसा. तिच्याकडे पाठ करा. मोबाईल माझ्याजवळ द्या. अर्धा घंटा." एक इंजिनिअर आले, त्यांनी चौथ्या मिनिटाला शीळ घातली. नापास. एक हौशी जोडपं बिस्किटांचे चार पुडे घेऊन आलं आणि नवऱ्यानं बायकोचे फोटो काढायला सुरुवात केली. नापास. एका ठेकेदाराला राखणीला कुत्रं हवं होतं. तो बादलीवर बसला आणि घोरायला लागला. काकांना तो आवडला होता, पण भुरी घोरण्याला घाबरली.

डिसेंबर उजाडला आणि मी दिवस मोजायला लागले. अशात ढाणकीजवळच्या एका गावातले निवृत्त गुरुजी आले. फोटो पाहून पाच तासांचा प्रवास करून आलेले. बादलीवर बसले आणि खरोखर अर्धा तास हलले नाहीत. भुरी टाकीखालून मान बाहेर काढून त्यांच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, सुटलो.

काका म्हणाले, "मानूस चांगला हाय. पन आपन तिथं एक मुक्काम करून येऊ. सांज कशी असते पाहू."

"सांज?" मी उसळले. "काका, तिथे खाण नाही, सायरन नाही, ट्रक नाहीत. शेतं आहेत नुसती. अजून काय पाहायचंय? जागा द्यायला पंधरा दिवस राहिलेत."

ते गप्प बसले. मी तो होकार धरला. माझ्यासारख्या घायकुत्या माणसांना दुसऱ्याचं गप्प बसणं फार सोयीचं असतं.

भुरी गुरुजींबरोबर गेली, आणि तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांचा फोन आला. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. शेजारच्या शेतात हरभऱ्यावर रानडुकरं आली होती. डुकरं हाकलायला शेतकऱ्यानं सुतळी बॉम्ब लावला. भुरी दोर तोडून पळाली.

पहाटे आम्ही माझ्या गाडीनं निघालो. पांढरकवडा गेलं, आर्णी गेली, काका एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. उमरखेडच्या अलीकडे मीच म्हणाले, "चूक माझी आहे."

"डुकरं मलेही नाही सुचली, बाई," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "आपन खानीपाशी राहनारे. बारूद म्हटलं का आपल्याले खानच दिसते."

गावात पोहोचलो तर वीसेक माणसं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन तयार. काकांनी सगळ्यांना हात जोडले आणि घरी पाठवलं. "हाका मारू नका, भाऊ. ती अजून पळन." मग आम्ही दोघं आणि गुरुजी बांधाबांधानं फिरलो. त्या भागात विहिरी फार, आणि कितीतरी विहिरींना कठडा नाही. प्रत्येक विहिरीपाशी काका पोटावर पडून आत पाहायचे. मी लांब उभी राहायची. ते उठून कपडे झटकायचे, तेव्हा कुठे मी पुढच्या विहिरीकडे चालायला लागायची. अशा किती विहिरी पाहिल्या ते आठवत नाही. संध्याकाळी पुन्हा कुठेतरी दोन बॉम्ब वाजले. काकांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गावाच्या टोकाच्या एका घरापुढे साठीतल्या एक बाई सुपात तूर निवडत बसल्या होत्या. काकांनी विचारलं, भुरकं कुत्रं पाहिलं का.

"हाय ना," बाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "कापसात हाय. परवा सांजेपासून."

आमच्याकडे कापूस वेचून झाला की भाव येईपर्यंत घरातच भरून ठेवतात. त्या बाईंची मागची खोली आढ्यापर्यंत भरलेली होती. त्या ढिगाच्या पायथ्याशी एक भोक दिसत होतं. कापसात कुत्र्याला कुणी फिरकू देत नाही, केस आणि घाण लागली की व्यापारी नाक मुरडतात. दाराशी ॲल्युमिनियमच्या वाटीत पाणी होतं आणि भाकरीचा तुकडा, अर्धा खाल्लेला.

"तुम्ही काढली नाही तिला?" मी विचारलं.

"कायले काढू? भ्याली हाय ते. मले कोनती घाई हाय?"

काका उंबऱ्यापाशी गेले आणि नुसते उभे राहिले. दाराशी येताच बाहेरचा आवाज बंद झाल्यासारखा वाटत होता, इतका तो कापूस दाट. ते माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं आणि मला काय करावं ते कळेना, म्हणून मी वाटीत पाणी ओतलं. वाटी भरलेलीच होती.

बादली त्या दिवशी त्यांनी मागितलीच नाही. बाईंच्या समोर बसून त्यांनी सगळं सांगितलं, पाइपापासून. बाईंच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगी लग्न होऊन गेलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शेत त्या स्वतः पाहत होत्या. शेवटी काका म्हणाले, "इथंच राहू द्याल का तिले?"

"तिनंच पाह्यलं ना घर," बाई म्हणाल्या. "मी कोन नाही म्हननारी?"

गुरुजींचा चेहरा पडला, पण त्यांनी मान डोलावली. मीच मध्ये बोलले. "आणि कापूस विकल्यावर?"

ज्या दिवशी गाडी येणार, माणसं घमेली घेऊन खोलीत शिरणार, ढीग खाली खाली जाणार, त्या दिवशी ही पुन्हा दोर तोडणार. या वेळी शोधायला कोणती विहीर?

"त्या दिवशी मी येईन," काका म्हणाले. "फक्त आदल्या दिवशी फोन करा."

भुरीला न भेटताच ते निघाले. दर रविवारी फोन करायचं ठरलं. काकांची एकच अट होती. फोन आला की बाईंनी अंगणात जायचं. "माझा आवाज तिच्या कानावर पडला तर तिले इकडची याद येईन. मंग ते तिथली होनार नाही." मला हे ऐकून राग आला. सात महिने पाठ करून बसलेल्या माणसानं एवढं तरी घ्यावं. पण त्यांना तेवढंही नको होतं.

जानेवारीत बातम्या चांगल्या येत होत्या. भुरी उंबऱ्यापर्यंत येते. भुरीनं बाईंच्या पायावर डोकं ठेवलं. पायाची जखम भरली. बॉम्ब वाजला की मात्र कापसात. काका दुकानात येऊन मला हे सगळं सांगायचे, गिऱ्हाईक थांबवून. फेब्रुवारीत त्यांचा खोकला वाढला. कोळशाची धूळ आयुष्यभर छातीत भरली होती. दवाखान्यात मी रोज जात होते. आठव्या दिवशी ते गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं होतं, "कापूस गेला का?" मी म्हटलं, "नाही अजून." तेव्हा त्यांना बरं वाटलं.

बाईंना कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. दोन रविवार गेले, फोन हातात घेऊन मी ठेवून दिला. झापायला उठसूट फोन लावणारी मी, मला हा एक फोन जमला नाही.

तिसऱ्या आठवड्यात माझाच फोन वाजला. काकांनी तिथे माझा नंबर देऊन ठेवला होता. "उद्या गाडी येऊन राह्यली," बाई म्हणाल्या. "काका फोन उचलून नाही राह्यले. त्यायले सांगा."

मी एकटी गेले. पोहोचले तेव्हा अर्धी खोली रिकामी झाली होती. चार माणसं घमेली भरून गाडीत ओतत होती, वर दोघं कापूस तुडवत होते, इंजिन सुरूच. बाई दारात बसलेल्या. "काका?" त्यांनी विचारलं. "नंतर सांगते," मी म्हटलं.

ढीग कमी होत होत कोपऱ्यात आला. त्यातून फाटका कान दिसला. भुरी थरथरत होती. घमेलं घेतलेला माणूस पुढे झाला तशी मी पर्समधून पट्टा काढून पुढे सरसावले. तिला आत्ताच धरायला हवं, एवढंच डोक्यात.

"बसा, बाई," त्या म्हणाल्या. मग माणसांना म्हणाल्या, "इंजन बंद करा. च्या घ्या बाहेर जाऊन सगळे."

माणसं कुरकुरत गेली. आम्ही दोघी उंबऱ्यात खोलीकडे पाठ करून बसलो. ही बसण्याची रीत बाईंना कुणी शिकवली होती का, ते मी विचारलं नाही. मागे बराच वेळ काहीच हललं नाही. माझे पाय बधिर झाले. मग कापसाचे पुंजके अंगाला चिकटलेली भुरी आमच्या दोघींच्या मधून बाहेर आली. अंगणात तिनं चहा पिणाऱ्या माणसांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. फाटक उघडं होतं. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा ती परत फिरून बाईंच्या मांडीला टेकून बसली होती. माणसांनी राहिलेला कापूस भरून नेला, गाडी धूर सोडत गेली, आणि ती तिथेच बसून होती, थरथरत, पण बसून.

मग मी बाईंना सांगितलं. त्या भुरीच्या अंगावरचा कापूस एकेक करून वेचत राहिल्या. निघताना मी म्हटलं, रविवारी आता मी फोन करत जाईन. त्यांनी मान हलवली.

रविवारी मी फोन लावला. पलीकडे पावलांचा आवाज आला, मग दाराची कडी.

"हं, बोला," बाई हळूच म्हणाल्या. "अंगनात आली मी. तिले नाही ऐकू येत."