खंडेनवमीला रोबोटची माफी

आता हे तुम्हाला सांगू की नको, ह्याच विचारात माझा अर्धा चहा गार झाला. असा वेडेपणा माणूस स्वतःच्याच घरात करतो, ह्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. खापरपणजोबा फौजेत शिलेदार होते ना! तलवार कधीच गेली. आता पाना-पकड, मिक्सर आणि झाडू-पोछा करणारा तो चपटा रोबोट. पूजा झाली की त्या दिवशी कुठल्याच हत्याराला कामाला लावायचं नाही.

रोबोटला कुंकू लावताना मी मुलाला विचारलं, "अमेय, तू रोबोटिक्स शिकतोस, पण ह्या शब्दाचा मतलब काय रे?"

"बाबा, चेक भाषेत रोबोटा म्हणजे वेठबिगार. जमीनदाराकडे फोकटमध्ये राबायचं. त्यावरून एका नाटकातल्या नकली मजुरांना रोबोट नाव पडलं. ते बनवायची विद्या म्हणजे रोबोटिक्स."

आमच्या खापरपणजोबांनी गावंच्या गावं वेठीला धरली होती, आणि घरात ते कौतुकाने सांगतात.

दुपारी अमेय बाहेर गेला, बायको शेजारी प्रसाद द्यायला. घर चिडीचूप. मी दिवाणावर आडवा झालो, आणि घर्रर्र आवाज आला. कपाळी कुंकू, पाठीवर झेंडूची माळ, यंत्र आपसूक निघालं होतं. थेट माझ्याकडे. मी पाय वर घेतले. ते दिवाणाखाली शिरलं, काहीतरी खरडत राहिलं आणि थांबलं. मग खालच्या अंधारातून एका बाईचा थंड आवाज आला, "मैं फँस गई हूँ. मुझे बाहर निकालिए."

खरं सांगतो, दरदरून घाम फुटला. कोण अडकलंय? कधीपासून? मी बसल्या जागी हात जोडले. "बाई, आमच्या पूर्वजांचं चुकलं. तुम्ही सुटलात. आजपासून तुमचं काम मी करीन, पण ह्या घरावर राग धरू नका."

"पूजेसमोर शब्द दिलात बरं का," दारातून बायको म्हणाली. ती कधीची तिथे उभी होती, देव जाणे. वाकून तिने रोबोट ओढून काढला. चाकात माळ गुंतली होती, आणि अडकला की तो तसं बोलतोच. "अमेय दुपारचा टाइमर बंद करायला विसरला वाटतं."

मी हसण्यावारी नेऊ लागलो. ती हसली नाही.

तेव्हापासून रोबोट देवघराशेजारी आरामात असतो आणि पोछा मी मारतो. परवा शेजारच्या शर्माजींनी मला पाहून विचारलं, "क्यों भिया, मशीन बिगड़ गई क्या?"

आतून बायको म्हणाली, "नहीं भाईसाब, चल तो रही है. बस चाय से चार्ज होती है."