छबुबाईनं आधी दळलेलं दळण

वडवणीच्या बाजारात छबुबाईची पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यावर दिरांनी गिरणी विकायला काढली, तेव्हा तिनं पदर खोचून मोटारीवर पट्टा चढवून दाखवला आणि दीर गुमान घरी गेले. चौदा वर्षं त्या खडखडाटात काढून तिला हळू बोलणं जमेनासं झालं होतं. साधं "चहा घे" म्हणाली तरी समोरचा दचकायचा. गिरणीत तिचा एकच कायदा होता. डबे रांगेत लावायचे, नंबर आला की दळण. तहसीलदारांच्या घरचा डबासुद्धा रांगेतच थांबायचा.

त्या रांगेत रुद्राणी यायची. चौथीतली पोर. बाप विश्वेश्वर कापड दुकानदार, बाजारात इतका गोड बोलायचा की गिऱ्हाईक घासाघीस विसरायचं. घरी तो बायकोला, कावेरीला, मारायचा. मी त्यांची शेजारीण, आमची भिंत एकच. आम्ही तेव्हा नवा रंगीत टीव्ही घेतला होता. पलीकडं सुरू झालं की इकडं टीव्हीचा आवाज वाढवायचो. लिहिताना आजही लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

बाकीच्या घरचं दळण आठवड्याला यायचं. रुद्राणी रोज शाळा सुटली की जेमतेम दोन किलो ज्वारी घेऊन यायची आणि नंबर आला की आपला डबा मागं सरकवायची. "तुमचं होऊ द्या आधी, मला घाई न्हाई." मग पोत्यावर बसून अभ्यास करायची. शाळेत गुरुजींनी नुसता हात वर केला तरी हिची चड्डी ओली व्हायची. इथं मात्र त्या धडधडीत तिचं अक्षर सरळ यायचं.

छबुबाईला वाटलं, बायकाच पोरीला मागं ढकलतात. एके दिवशी ती भडकली. "लेकरू बघून रोज त्याचा नंबर खाता, लाजा न्हाईत व्हय?" तिनं रुद्राणीचा डबा उचलून सगळ्यांच्या आधी ओतला. "नको मावशी, ऱ्हाऊ द्या," पोर म्हणत होती, पण चालू गिरणीत ते कोणाला ऐकू जाणार? दहा मिनिटांत गरम पिठाचा डबा हातात देऊन तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी रुद्राणीचा हात प्लॅस्टरमध्ये होता. माळवदावरून पडली, असं विश्वेश्वरनं सांगितलं. छबुबाईनं मला गाठून विचारलं, "किती वाजता पडली?" मग मात्र मला खोटं बोलवेना. दळण घेऊन घरात शिरली तेव्हाच मोडला हात, आणि आत काय चाललं होतं तेही सांगितलं. ती माझ्या उंबऱ्यावरच बसली. "म्हंजे माझ्याकडं वेळ काढत होती गं ती. अन् मीच तिला त्यात लोटलं."

तिथून उठून ती थेट एसटीडी बूथवर गेली. जन्मात पहिल्यांदा फोन हातात धरला. केजला कावेरीचा भाऊ केदारनाथ होता, त्याला लावायला सांगितला आणि गिरणीतल्या आवाजातच बोलली, "तुमच्या भाचीचा हात मोडलाय! बापानं मोडलाय! पडली-बिडली न्हाई!" सगळा बाजार दुकानांच्या पायऱ्यांवर आला. जे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं, ते आता बोलून झालं होतं.

दुपारच्या जीपनं केदारनाथ आला. विश्वेश्वरचं घर माणसांनी भरलं. "पोरगी पडली, या बाईचं डोकं फिरलंय," विश्वेश्वर म्हणाला. केदारनाथनं बहिणीकडं पाहिलं. कावेरी खाली बघत म्हणाली, "पडलीच, दादा." केदारनाथला सुटल्यासारखं झालं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. मी तेव्हाही गप्पच होते.

छबुबाईनं कोणाकडं लक्ष दिलं नाही. ती रुद्राणीपुढं जमिनीवर बसली. "माझं चुकलं बाई. मी तुला लवकर धाडलं."

पोर उलट तिचीच समजूत घालायला लागली. "न्हाई मावशी, बरं झालं. मी हात मधी घातला, न्हाईतर कापड मोजायचा गज आईच्या डोक्यात बसला असता. रोज मी उशिरा जायचे ना, तवा मधी कोणीच नसायचं."

कावेरी उठली. खुंटीवरची पिशवी काढून तिनं आधी मुलीची वह्यापुस्तकं भरली, मग कपडे. विश्वेश्वर काहीतरी बोलत पुढं आला, तसा केदारनाथ मधी उभा राहिला.