शेजाऱ्याच्या हातचं प्रभुभोजन

आईच्या नाकात नळी घातली त्या दिवसापासून मी घरात स्वस्थ अशी बसलेच नाही. तिची कूस बदलायची, नळीतून पेज सोडायची, मग ओटा, मग अंगण, की पुन्हा तिच्या खाटेपाशी. आयुष्यभर वॉर्डात नर्स म्हणून उभी राहिले, निवृत्त झाल्यावर तरी बूड टेकेल असं वाटलं होतं. शेजारीण दारातून म्हणायची, “सिस्टर, जरा बसा की!” राहुरीजवळच्या आमच्या गावात मला सगळे सिस्टरच म्हणतात. मी म्हणायचे, “बसून काय करू?” आणि झाडलेलं अंगण परत झाडायला घ्यायचे.

आईला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, पण डोकं शाबूत होतं आणि हट्टही शाबूत होता. गेली होती ती गिळायची ताकद. पहिल्याच आठवड्यात या शेजारणीने मायेपोटी तिला चमचाभर चहा पाजला. तो पोटात न जाता फुप्फुसात गेला, न्यूमोनिया झाला आणि आईला नगरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून वाचून आली ती नळी घेऊनच. डॉक्टर म्हणाले, तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मी ते इतकं मनावर घेतलं की शेजारणीला खाटेपासून हातभर लांबच उभी करायला लागले. ती बिचारी रडवेली व्हायची आणि मला तिची दयाही यायची नाही.

अशात महिन्याचा पहिला रविवार जवळ आला. त्या रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन असतं; येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. करोनाची साथ सोडली तर आईने आयुष्यात ते कधी चुकवलं नव्हतं. तापात गेली होती, बाबा गेले त्या आठवड्यातही गेली होती.

“मला पायजे,” ती म्हणाली.

“काय?”

“प्रभुभोजन. पाळकसाहेबांना सांग, घरी या म्हनावं.”

“आणि गिळणार कशी? आधी सांग मला.”

“ते मी बघीन.”

“तू नाही बघायचं. ते मला बघावं लागतं!” मी ओरडलेच. मग बाहेर जाऊन उगाचच वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या, आवडल्या नाहीत म्हणून मोडल्या.

आमच्या देवळातली रीत जरा निराळी आहे. बायबलात भाकर लिहिलंय, म्हणून आमच्या जुन्या माणसांनी सरळ ज्वारीची भाकरी धरली. शहरातून आलेल्या एका पाळकसाहेबांनी एकदा पावाचे तुकडे आणले, तर म्हाताऱ्या बायांनी ताटात डोकावून विचारलं होतं, “साहेब, भाकर कुटं हाय?” तेव्हापासून कुणी पाव आणत नाही. द्राक्षारस म्हणून काळ्या मनुका उकळून गाळलेलं पाणी असतं. आणि मुख्य म्हणजे आमच्यात कुणी स्वतःच्या हाताने घेत नाही. पाळकसाहेब रांगेतल्या पहिल्या माणसाला देतात. त्याने ताटातली भाकरी मोडून शेजाऱ्याच्या हातावर ठेवायची, “तुझ्यासाठी” म्हणायचं, मग त्या शेजाऱ्याने पुढच्याला द्यायचं. दिलेलं नाकारायचं नाही आणि घेतलं की द्यायचं. भांडणं झालेली माणसं अशी शेजारी शेजारी येऊन बसली की फार मजा यायची. साथीच्या काळात ज्याचं त्याने घ्या असा निरोप आला, तर निम्म्या बाया न घेताच घरी गेल्या. आई त्यातच होती.

रांगेत आई, मग माझा धाकटा भाऊ, मग मी, असे आम्ही बसायचो. भाऊ नगरजवळच्या नागापूरला कारखान्यात होता. एकदा रात्रपाळी करून मोटारसायकलवर घरी येताना ट्रकखाली गेला. त्यानंतरच्या रविवारी आई सरकून माझ्याजवळ बसायला लागली, तशी मी उठले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. त्याच्या जागेवरून माझ्या हातावर काही यावं हे मला सहन होणार नव्हतं. तेव्हापासून मी प्रभुभोजन घेतलं नाही. देवावर राग होता. तो अजूनही आहे, आणि त्याचा मला पश्चात्ताप वगैरे काही नाही.

आईचं मात्र सगळं पक्कं होतं. तिच्या लेखी स्वर्ग म्हणजे वर कुठेतरी असलेलं, नीट शेणाने सारवलेलं अंगण होतं आणि तिथे पंगत मांडलेली होती. “हितं तुकडा, तिकडं ताट,” असं ती म्हणायची. “प्रभुभोजन म्हंजे तिकडचंच जेवान. थोडं आधी चाखायला देतो देव.” त्या पंगतीत भाऊ तिच्या शेजारी बसणार होता. मी वॉर्डात कितीतरी जणांचे डोळे मिटले आहेत. मिटण्याआधी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आहे. मला तिथे अंगण दिसलं नाही, ताट दिसलं नाही. माझ्यापुरतं मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण आईचं तसं नव्हतं. तिने सगळं आयुष्य ज्या पंगतीच्या भरवशावर काढलं, ती पंगत नसलीच तर? हा प्रश्न मला एका जागी बसू देत नव्हता. अंगण झाडून तो जाणार नव्हता, हे मला कळत होतं.

रविवारी उपासना आटोपून पाळकसाहेब आले. तरुण पोरगेला माणूस, मोटारसायकलला अडकवलेल्या पिशवीतून डबा आणि बाटली काढली तीसुद्धा जपून. मी त्यांना अंगणातच गाठलं.

“साहेब, एक कण तोंडात जाता कामा नये. ज्वारीची भाकरी भुगा होते, नरड्यात उडते. पाणी तर त्याहून वाईट.”

“सिस्टर, नळीतून दिलं तर?” त्यांनी भीत भीत विचारलं.

मला ते पटलं. आत जाऊन आम्ही आईला विचारलं. तिने आमच्या दोघांकडे असं बघितलं, की पाळकसाहेबांनी नजर खाली घातली.

“नळी पोटात जाती,” ती म्हणाली. “मला जिभंवर पायजे. तिकडं काय नळ्या लावून जेवत्यात व्हय?”

पाळकसाहेब म्हणाले, “आजी, नुसतं हातात धरा. मी प्रार्थना करतो. प्रभूला तेवढं पुरतं.”

मी आईला उशांना टेकवून ताठ बसवलं. त्यांनी वचन वाचलं, प्रार्थना केली आणि भाकरीचं ताट तिच्या मांडीवर ठेवलं. तिचा डावा हात चालत होता. तिने बोटांनी भाकरीची कड मोडली. बराच वेळ लागला, आम्ही दोघं मदतीला पुढे झालो तर मान हलवून नको म्हणाली. मग तो तुकडा तिने माझ्यापुढे धरला.

“तुझ्यासाठी.”

मी मागे बघितलं. मागे भिंत होती, मागचा बाक नव्हता. तिच्या बोटांतून भुगा चादरीवर सांडत होता. मला राग आला, रडू आलं, दोन्ही एकदमच. पण तो हात तसाच किती वेळ धरून ठेवायचा? मी तुकडा घेतला आणि खाल्ला. कोरडा होता, घशाखाली उतरेना. साहेबांनी मनुकांचं पाणी पुढे केलं.

मला वाटलं, झालं. आईचं मन राहिलं. मी ताट उचलायला वाकले, तर तिने डावा पंजा ताटावर ठेवला.

“आता तू दे.”

“कुणाला?”

“साहेब शेवटी घेत्यात. मग ऱ्हायलं कोन?”

मी साहेबांकडे बघितलं. ते तरी काय सांगणार! तोंडाने काही नाही हा नियम मीच लावला होता, आणि घेतलं की द्यायचं हा नियम तिचा होता. ठसका लागला तर काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. निळी पडलेली माणसं मी बघितली आहेत. आणि ही बाई शांतपणे माझ्या तोंडाकडे बघत बसली होती.

“आई, मरशील.”

“मग तिकडं पोटभर जेवीन.” तिने श्वास घेतला. “तुला भ्या वाटतंय. मला न्हाई.”

मला खरंच भीती वाटत होती. मी आत जाऊन बशी आणली. भाकरीचा मऊ पापुद्रा घेतला, मनुकांच्या पाण्याचे थेंब टाकून चांगला घोटला, पातळ राहू दिला नाही, कण राहू दिला नाही. साबणाने हात धुतले. तिची हनुवटी छातीकडे झुकवली, कारण तसं केलं तर घास चुकीच्या वाटेने जायची भीती कमी असते. मग बोटाच्या टोकावर तिळाएवढं घेऊन तिच्या जिभेवर ठेवलं.

“तुझ्यासाठी,” मी म्हणाले. आवाज माझा वाटला नाही.

तिने डोळे मिटले. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले. काहीच हललं नाही. साहेब पुटपुटत प्रार्थना करत होते, आणि कधी नव्हे ती मीही करत होते. तू असलास नसलास तरी हे एवढं खाली उतरव, असं काहीतरी मी म्हणत होते. मग गळ्याचं हाड वर गेलं आणि खाली आलं. ठसका नाही.

आईने डोळे उघडले. औषध दिल्यावर नर्सला दाखवतात तसं तिने माझ्यासमोर तोंड मोठ्ठं उघडलं, जीभ बाहेर काढली, संपलं म्हणून दाखवलं. आणि मी बसले. तिच्या खाटेच्या कडेला, चप्पल न काढता, तिच्या उपड्या पडलेल्या निकामी हातावर हात ठेवून, साहेब निघून गेले तरी बसूनच राहिले.