पाणकोंबडी

चाव्या बनवणाऱ्या काकांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा काकांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि बसने घरी आले. त्यानंतर दुकानातल्या स्टुलावरून ते पूर्वी जेवढे उठत, तेवढेही उठेनासे झाले. आपलं हृदय नाजूक आहे म्हटल्यावर ते उगाच हलवू नये, असं त्यांचं मत पडलं होतं.

दुकान एकच, मधे पडदा. अलीकडे काका चाव्या घासायचे, पलीकडे काकू लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलून द्यायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की काकूंचं बोलणं काकांना आपल्या यंत्राच्या घरघरीसारखं वाटे. चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे. काकूंनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी अबोला धरला. अबोला काकांच्या लक्षातच आला नाही.

अशात काकूंकडे एक शिक्षिका पाठपिशवीचा पट्टा शिवायला आली आणि बोलता बोलता तिनं एका खेळाबद्दल सांगितलं. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी उघड्यावर एखादी डबी लपवतं आणि तिची जागा फोनमधल्या नकाशावर टाकतं. बाकीचे फोन बघत तिथवर जातात, शोधाशोध करतात, आतल्या चिठोऱ्यावर नाव लिहितात आणि डबी होती तशी ठेवून परत येतात. गावाबाहेर पाणथळीतून जी पायवाट जाते, तिच्यावरही अशा डब्या होत्या. यातून मिळतं काय, असं काकूंनी विचारलं. काहीच नाही, असं शिक्षिकेनं प्रामाणिकपणे सांगितलं. काकूंचे डोळे चमकले. ज्यातून काहीच मिळत नाही अशा गोष्टीसाठी आपला नवरा वाट्टेल तेवढा राबतो, हे त्या अनुभवानं जाणून होत्या.

त्यांनी शिक्षिकेकडून सगळं शिकून घेतलं आणि पाणकोंबडी हे टोपणनाव घेतलं. मग बटणं आणायला जाते असं सांगून त्या पाणथळीत गेल्या आणि एक डबी लपवून आल्या. पुढचं काम शिक्षिकेनं केलं. चावी करून घेताना ती काकांना सहज म्हणाली, की पाणथळीतली नवी डबी अजून कुणालाच सापडलेली नाही. बंद आणि दडलेली वस्तू म्हटली की काकांचे हात शिवशिवत. त्या रविवारी ते स्वतःहून चालत गेले.

तेव्हापासून काकू दर आठवड्याला नवी डबी लपवू लागल्या आणि दर रविवारी काका ती शोधायला जाऊ लागले. पोट उतरलं, धाप कमी झाली. पण आणखी एक झालं, ज्याचा हिशेब काकूंनी धरला नव्हता. काका पाणकोंबडीच्या प्रेमात पडले. काय ते डोकं, काय ती शिस्त, असं ते जेवताना सांगत. हा नक्की सैन्यातला निवृत्त अधिकारी असणार, शत्रूला चकवण्यासाठी बायकी नाव घेतलं असणार. काकू भाजी वाढत ऐकून घेत. इतक्या वर्षांत नवऱ्यानं त्यांचं कौतुक एकदाच केलं होतं, तेही चुकून शेजारणीनं दिलेल्या लोणच्यासाठी.

एकदा काकूंनी लाकडी फळ्यांच्या पुलाखाली डबी दोरीनं बांधली आणि नेमकं त्याच आठवड्यात पाणी चढलं. नवरा वाकून पाण्यात पडेल या धास्तीनं रविवारी काकूही त्याच्याबरोबर निघाल्या. मलाही जरा हवा खायची आहे, म्हणाल्या. वाटभर काका पुढे चालत त्यांना खेळ शिकवत होते. दोन्ही बाजूंना पाणकणसाच्या उंच गवताची गर्दी होती. शोधायचं म्हणजे आधी लपवणाऱ्याचं मन ओळखायचं, असं काकांनी सांगितलं. "लोक जगभर बघतात गं, जवळ बघत नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

काकूंनी हो म्हटलं.

पुलाखाली डबी नव्हती. दोरी तुटून ती वाहून गेली असणार, हे काकूंना बघताक्षणी कळलं. काकांना मात्र पाणकोंबडीची चूक होणं मान्यच नव्हतं. त्यांनी फळ्या चाचपल्या, खांब चाचपले, मग बूट काढले आणि काकू नको नको म्हणेपर्यंत गुडघाभर चिखलात उतरले. एक पाय रुतला. तो काढताना दुसरा रुतला. काकांचा चेहरा लाल झालेला पाहिला आणि काकूंचा धीर सुटला.

"वर या," त्या म्हणाल्या. "डबी इथंच बांधली होती, मी. पाणकोंबडी मीच आहे."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते इतके हसले की आणखी रुतले. काकूंनी पुलावर पालथं पडून त्यांना हाताला धरून वर ओढलं. वर येता येता काकांनाच डबी दिसली, पलीकडच्या पाणकणसात अडकलेली. काठीनं त्यांनी ती ओढून घेतली. डबीला करड्या कापडाचा अभ्रा होता.

"हे कापड ओळखा," काकू म्हणाल्या. "तुमच्या जुन्या पँटीचं आहे. खिशाजवळचा तेलाचा डागसुद्धा आहे. आतापर्यंतच्या सगळ्या डब्यांना त्याच पँटीचं कापड होतं."

काकांनी अभ्रा उलटसुलट करून पाहिला. डागावर बोट फिरवलं. काकूंना वाटलं, पटलं.

"म्हणजे त्याचीही अशीच पँट होती," काका हळूच म्हणाले. "बघ, साधी राहणी."

काकू परतीच्या वाटेवर एक शब्द बोलल्या नाहीत. याही वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काकांनी बाहेरच्या खोलीतून, खेळाच्या नकाशावरूनच, पाणकोंबडीला निरोप धाडला होता. दोरी तुटली आहे, डबी नीट बांधून ठेवली आहे, काळजी नसावी. तसंच आमची बायको म्हणते की ती म्हणजेच आपण. भोळी आहे, राग मानू नये.

काकूंनी हात पुसले. आधी त्यांनी बरंच काही लिहिलं, ते सगळं खोडलं, मग थोडंसं लिहून पाठवलं आणि पुन्हा भांडी पुसायला लागल्या.

काका जवळजवळ धावतच आत आले. साहेबांचं उत्तर आलं होतं. त्यांनी चष्मा चढवून, दारात उभं राहून वाचून दाखवलं. "बाई भोळ्या नाहीत. त्यांची नजर चांगली आहे. त्यांना दर वेळी बरोबर आणत जा आणि पाण्याजवळ त्या सांगतील तसं करा."

काकांनी फोन खाली घेतला आणि बायकोकडे पाहिलं. तिच्याविषयी कुणी मोठ्या माणसानं असं म्हणावं, याचं त्यांना नवल वाटत होतं आणि अभिमानही.

"येशील ना पुढच्या रविवारी?" त्यांनी विचारलं.

"बघू," काकू म्हणाल्या. ताटली जागेवर ठेवून त्या स्टुलावर बसल्या. "आधी ते पुन्हा एकदा वाचा."

काकांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून वाचलं.